एकोणीस तारखेचा उजेड

शीतगृहात माल घेऊन येणारे ड्रायव्हर तिला पाठीमागे 'उणेअठरा' म्हणतात आणि तोंडावर मॅडम. हे नाव तिच्या कानावर आलेलं आहे. त्याबद्दल तिची एकच तक्रार आहे: मासळीच्या खोलीचं तापमान उणे बावीस असतं, आणि इतकी वर्षं येऊन-जाऊनही या लोकांना ते पाठ होत नाही.

काम साधं आहे. ट्रक धक्क्याला लागला की जाड कोट चढवून ती पुढे होते. मागचं दार उघडतं आणि हातभर लांब सुईचं थर्मामीटर ती तीन खोक्यांत खुपसते. एक दाराजवळचं, एक मधलं, एक पार आतलं. तीन आकडे कागदावर लिहिते आणि खाली सही करते. आकडा दोन अंशांहून जरा जरी जास्त वर असला तरी सही होत नाही, ट्रक परत जातो. मग ड्रायव्हर सांगायला लागतात. रस्त्यात गर्दी होती, कॉम्प्रेसर आत्ताच बंद पडला, घरी सासू आजारी आहे. ती सगळं ऐकून घेते, सासूची चौकशीही करते. सही मात्र करत नाही.

सव्वीस वर्षांत एकदा केली होती. ओळखीचा ड्रायव्हर होता, तीन अंश वर होते. त्या मालाने कुणाला काही झालं नाही, कुणाची तक्रार आली नाही, कुणी विचारलंसुद्धा नाही. आणि तेच तिला खटकत राहिलं. काही झालं असतं तर निदान हिशेब तरी लागला असता.

ही बाई चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा परदेशी निघाली होती, आणि तेही अशा देशात जिथे बाराही महिने घाम फुटतो. तिची मोठी बहीण तिकडे राहते. तिच्याहून बारा वर्षांनी मोठी. नवऱ्याच्या कामापायी गेली आणि नवरा गेल्यावरही तिथेच राहिली. दोघींची भेट होऊन एकोणीस वर्षं झाली होती. 'पुढच्या वर्षी नक्की' हे वाक्य दोन्ही बाजूंनी इतक्या वेळा म्हणून झालं होतं, की त्याला आता कुणी काही अर्थ धरत नव्हतं.

मग ताईचा फोन आला. एक डोळा आधीच गेला होता, हे घरात माहीत होतं. दुसराही चालला आहे, हे तिने त्या दिवशी सांगितलं.

"ऑपरेशन ठरलंय. वीस तारीख, शनिवार सकाळ. डॉक्टर म्हणतात, निम्मे-निम्मे."

"निम्मे-निम्मे म्हणजे?"

"म्हणजे दिसेल किंवा नाही दिसणार. एवढं कळत नाही होय गं तुला? त्या आधी ये. फोनवर तू मला नुसता एक पांढरा ठिपका दिसतेस. समोर, नाकाला नाक लावून बसलीस तर अजून दिसशील. पण दिवसाउजेडी. संध्याकाळ झाली की माणूस कुठलं आणि दार कुठलं, मला कळत नाही."

तारीख पुढे ढकलता येत नव्हती. तो शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर तिथे तीन महिन्यांतून एकदाच यायचा, आणि तीन महिने तो डोळा थांबणार नव्हता.

तेव्हापासून तिचा पाय घरात एका जागी ठरेना. बॅग पलंगावर उघडी पडलेली असायची. सकाळी कामावर जाण्याआधी भरायची, आल्यावर रिकामी करायची, पुन्हा भरायची. पातळ कपडे तिच्याकडे नव्हतेच. कपाटात स्वेटर, आतून घालायचे गरम कपडे आणि लोकरीचे मोजे. बाजारातून दोन सुती कुडते आणले, ते अंगावर घालून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "उघडं उघडं वाटतंय."

तिचा नवरा गाडी चालवायला शिकवतो. गल्लीतले सगळे त्याला मास्तर म्हणतात. शिकाऊ गाडीत त्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, आणि तीस वर्षांच्या सवयीने तो कुठेही बसला तरी त्याचा उजवा पाय ब्रेक शोधतो. बायको खोलीतून भरभर जायला लागली की खुर्चीत बसल्या बसल्या मास्तरांची टाच जमिनीवर दाबली जायची.

"तू तिथे जाऊन विरघळणार," मास्तर म्हणाले. "ताईंना सांग, खाली बादली धरा म्हणावं."

"तुम्ही आपल्या परीक्षा सांभाळा." मास्तरांच्या अकरा विद्यार्थ्यांची लायसनची परीक्षा त्याच आठवड्यात होती, म्हणून ते येणार नव्हते.

तिकडचं हवामान ती दिवसातून दहा वेळा फोनवर बघायची. एक दिवस चिडूनच बाहेर आली.

"अहो, हे बघा. तापमान बत्तीस. आणि खाली लिहिलंय, वाटतं एक्केचाळीस. कुणाला वाटतं?"

"तिथल्या लोकांना."

"मोजलं तेव्हा किती आलं?"

"बत्तीस."

"मग बत्तीस. वाटतंबिटतं काय लावलंय? उद्या ड्रायव्हर म्हणतील, मॅडम, उणे पाच आहे पण उणे अठरा वाटतंय."

त्या देशात शिरायला पीतज्वराची लस टोचून घेतल्याचा दाखला लागतो. तिकिटांच्या ऑफिसातल्या मुलीने तिला नीट समजावून सांगितलं होतं: दाखला टोचल्या दिवसापासून चालत नाही, दहा दिवसांनी लागू होतो. त्याच्या आधी उतरलात तर परत पाठवतील, नाहीतर काही दिवस एका खोलीत बसवून ठेवतील. लस देणारं केंद्र फक्त मंगळवारी उघडायचं. लशीची एक कुपी दहा जणांना पुरते आणि फोडली की त्याच दिवशी संपवावी लागते, म्हणून दहा माणसं जमवूनच तारीख देत.

तिने कागदावर मांडलं. मंगळवार, दोन तारखेला लस. शुक्रवार, बारा तारखेचं विमान, दुपारी पोचणार. तेरा ते एकोणीस, सात दिवस लख्ख उजेडाचे. वीसला ऑपरेशन.

"आधीच्या मंगळवारी घे ना लस," मास्तर म्हणाले होते. "मधे चार दिवस हाताशी असलेले बरे."

"आधीच्या मंगळवारी आमच्याकडे वर्षाची तपासणी आहे. आणि दोन आणि दहा बारा होतात ना? मग?"

बर्फाच्या खोलीला दोन अंश इकडे-तिकडे चालतात, हे तिला ठाऊक होतं. स्वतःच्या कॅलेंडरला तिने एक दिवसही इकडे-तिकडे ठेवला नाही.

*

दोन तारखेला ती अर्धा तास आधीच केंद्रावर पोचली. वाट बघायची आणि टोचायची एकच खोली. भिंतीला टेकून बाकं, समोर टेबल, टेबलामागे तरुण नर्स, आणि नर्सच्या पाठीशी लशींचा फ्रिज. तिचा नंबर सातवा होता. आठवा होता जहाजावरचा आचारी, दणकट, बोलका गडी. त्याची बोट शनिवारी सुटणार होती. ती तिकडच्या बंदराला लागेपर्यंत दहा दिवस भरणार होते, पण दाखल्याशिवाय त्याला चढू देणार नव्हते.

"काकू, तुम्ही कुठे, फिरायला?"

"बहिणीकडे."

"मजा आहे बुवा. आमचं काय, देश कुठलाही असो, आम्हाला दिसतो तो भटारखाना."

ती हसली, पण तिचं लक्ष फ्रिजकडे गेलेलं होतं. दारावर हिरव्या दिव्यात आकडा होता: पाच. लशीला दोन ते आठ लागतात, म्हणजे ठीक. नर्सने दार उघडलं, काही काढलं, लावलं. आकडा पाच. पुन्हा उघडलं. दुसऱ्या कुणाला दुसरी लस द्यायची होती. या वेळी शोधाशोधीत दार चांगलं मिनिटभर उघडं राहिलं. आकडा पाच.

दार उघडलं की आकडा हलतो. थोडा वर जातो, मग मोटर घुरघुरते आणि तो खाली येतो. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. सव्वीस वर्षं कानांत ती घुरघुर होती. आणि ती येऊन बसल्यापासून इथली मोटर एकदाही बोललेली नव्हती. दाराच्या रबराला खालच्या कोपऱ्यात घाम आला होता. न हलणारा आकडा म्हणजे मेलेला आकडा.

ती उठली. पाणी प्यायली. भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. परत येऊन बसली. पहिला नंबर झाला, दुसरा झाला. दाराचं उघडणं ती बोटांवर मोजत होती, सात, आठ. आपल्याला काय करायचंय, असं तिने स्वतःला बजावलं. हे आपलं शीतगृह नाही. तिसरा नंबर टेबलापाशी गेला. शिक्का उमटल्याचा आवाज आला, ठप्प. अकरा वेळा दार उघडलं होतं आणि आकडा पाचच होता. चौथा झाला. आचारी तिला शेजाऱ्याच्या बायकोची काहीतरी गंमत सांगत होता, तिला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही.

पाचव्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती टेबलापाशी उभी होती.

"सिस्टर, फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवून बघाल का जरा?"

"आहे की मावशी. बाहेर दिसतंय ना, पाच."

"ते सकाळपासून पाचच आहे."

"मग चांगलंच आहे की!"

तिने पिशवीतून आपलं सुईचं थर्मामीटर काढलं. ते कायम तिच्याबरोबर असतं, जसा कुणाचा चष्मा असतो तसा. "दोन मिनिटं. लशींच्या मधे ठेवा, दार लावा. माझं समाधान म्हणून."

नर्सने डोळे फिरवले, पण ठेवलं. दोन मिनिटं झाली. बाहेर काढलेल्या थर्मामीटरवर अकरा होते.

नर्सने तो आकडा दोनदा वाचला. तिने मागे बाकांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मावशी, तुमचं विमान कधी आहे?"

"बारा."

"मग आज शिक्का घेऊन टाका. खरंच. लस पुढच्या मंगळवारी परत घ्या, मी देते. शिक्का तर आजच्या तारखेचा मिळेल. मी साहेबांना नंतर सांगते, म्हणजे तुमचंही होईल आणि…"

तिचं वाक्य अर्धवट राहिलं. बाईने टेबलावरच्या शिक्क्याकडे पाहिलं. ताईच्या घरचे सात दिवस त्या शिक्क्याखाली होते. हो म्हणायला अर्धं मिनिटही लागलं नसतं, आणि बाकांवर बसलेल्यांपैकी कुणाला पत्ताही लागला नसता. पण मग पाचव्याचीही लस तीच, आणि आचाऱ्याचीही. आणि सही म्हणजे तरी काय, तर आकडा बघितला आणि बरोबर होता, एवढंच.

"ही कुणाला देऊ नका," ती म्हणाली. आवाज नेहमी धक्क्यावर लावते तेवढाच लागला, म्हणजे अख्ख्या खोलीला ऐकू गेला.

पुढचं पटापट झालं. आतून डॉक्टर आले. त्यांनी थर्मामीटर बघितलं, फ्रिजला कान लावला, कुपी बाजूला काढून ठेवायला सांगितलं. झालेल्या चौघांना फोन करा, त्यांचे दाखले रद्द, सगळे पुढच्या मंगळवारी, नऊ तारखेला. "बरं केलंत," ते बाईला म्हणाले, मान वर न करता, आणि मेकॅनिकचा नंबर शोधायला लागले.

बाकांवरून आधी कुजबुज उठली, मग बडबड. आचारी तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"माझी बोट शनिवारी आहे, काकू."

"लस खराब होती हो."

"माझी बोट शनिवारी आहे," तो पुन्हा म्हणाला. "तुमचं काय, बहीण कुठे पळून जातेय? आठ महिन्यांनी काम मिळालं होतं."

बहीण कुठे पळून जात नव्हती, हे खरं होतं. तिने थर्मामीटर पुसून पिशवीत ठेवलं आणि ती बाहेर पडली.

*

"कुणी विचारलं होतं तुला?" मास्तर म्हणाले. ते क्वचित आवाज चढवतात. "शिक्का कागदावर हवा होता, दंडात नव्हे! विमानतळावर काय दंड उघडून बघणार होते?"

"आणि बाकीचे नऊ जण?"

"बाकीच्यांचं त्या नर्सने बघितलं असतं. ती सांगणारच होती डॉक्टरांना. नंतर."

"नंतर," ती म्हणाली.

ती स्वयंपाकघरात गेली. एक शंका दुपारपासून तिच्या मागे लागली होती. तिने बर्फ कुटला, भांड्यात घातला, वर थोडं पाणी ओतलं आणि सुई त्यात बुडवून धरली. कुटलेल्या बर्फाच्या पाण्याचं तापमान शून्य असतं, ते कुणाच्या बापाला बदलता येत नाही. थर्मामीटरने दाखवलं शून्य पूर्णांक सात. म्हणजे तिचं स्वतःचं यंत्र पाऊण अंशाने वर दाखवत होतं. फ्रिजमध्ये अकरा नव्हे, सव्वादहा होते. सव्वादहासुद्धा जास्तच. पण पाऊण अंश तिला माहीत नव्हता, आणि त्याच्याच जोरावर तिने दहा माणसांचे दाखले अडवले होते. ती भांडं हातात धरून उभी राहिली. बर्फ वितळून पाणी कोमट व्हायला आलं तेव्हा मास्तर आत आले, त्यांनी भांडं काढून घेतलं आणि मोरीत ओतलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने दुसऱ्या शहरातल्या केंद्राला फोन लावला. चोवीस तारखेपर्यंत जागा नव्हती. तिकिटांच्या ऑफिसातल्या मुलीने सांगितलं, नऊला लस घेतलीत तर दाखला एकोणीसला लागू. एकोणीसला एक जागा आहे. विमान दुपारी दोन वीसला उतरतं.

"हीच घ्या," ती म्हणाली. आणि मग, "तिथे सूर्य किती वाजता मावळतो हो?"

मुलीने बघून सांगितलं. सहा वाजून चार मिनिटांनी. आणि तिथे आपल्यासारखा संधिप्रकाश रेंगाळत नाही म्हणे, बटण दाबल्यासारखा अंधार होतो.

ताईला सांगणं उरलं होतं. धक्क्यावरून येऊन कोटसुद्धा न काढता तिने फोन केला. ताईने सगळं ऐकलं. आधी हसली, "लहानपणी पण तू अशीच होतीस, दुधात बोट बुडवून बघायचीस." मग तिचा आवाज बदलला.

"म्हणजे सात दिवसांचा एक दिवस केलास."

"एक दिवस पण नाही. दोन तास. उजेडाचे."

"एका फ्रिजसाठी."

"ताई, ती लस…"

"मला लशीचं सांगू नकोस. मी इथे सात दिवस मोजत बसले होते. सकाळी तुला कुठे बसवायचं ते ठरवलं होतं, दुपारी ऊन कुठे असतं ते बघून ठेवलं होतं. तुला काय, तुझा आकडा बरोबर आला ना?"

"पाऊण अंश चुकला होता," ती म्हणाली. का म्हणाली, तिलाही कळलं नाही. तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

चार दिवस ताईने फोन उचलला नाही. त्या चार दिवसांत शीतगृहात तिने दोन ट्रक परत पाठवले आणि एका ट्रकचे आकडे दोनदा घेतले, कारण पहिल्यांदा लिहिलेलं तिलाच आठवेना. फोर्कलिफ्टवाला म्हणाला, "मॅडम, बसा जरा, चाकं झिजतील." घरी मास्तर टाच दाबून दाबून दमले.

नऊ तारखेला केंद्रावर फ्रिज नवा होता. नर्सने दार उघडलं, आकडा चारचा सहा झाला, मोटर घुरघुरली, पुन्हा चार. नर्स म्हणाली, "बघून घ्या मावशी, मग नको भांडण," आणि सुई टोचली. शिक्का उमटला. आठव्या नंबरच्या जागी आज कुणीतरी दुसरंच बसलं होतं. आचाऱ्याचं काय झालं, हे तिने नर्सला विचारलं. नर्सला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर तिने मोठी बॅग माळ्यावर टाकली. विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहण्यात पाऊण तास जातो, असं तिकिटांच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली होती. हातातल्या पिशवीत एक कुडता, औषधं, पासपोर्ट आणि दाखला. दोन वीसला उतरायचं, तीनला बाहेर, चारला दारात. तिने ते लिहिलं, खोडलं, चारचे चार वाजून दहा केले. तेवढ्यात फोन वाजला. ताई होती, जणू मधले दिवस झालेच नव्हते अशा सुरात.

"टोचून घेतलंस?"

"घेतलं."

"दुखतंय?"

"नाही. ताई, दोन तास पुरतील का गं?"

"तुझ्या तोंडाकडे बघायला? वीस मिनिटं पुरेत. काय असं मोठं लागून गेलंय तुझं तोंड? बाकीचा वेळ तू बोल. आणि लाल काहीतरी घाल. लाल अजून चांगलं दिसतं."

"ऑपरेशन नीट झालं तर नंतरही बघशीलच."

"बघेन ना."

"आणि नाही झालं तर?"

"तर माझ्या लेखी तू कायम चोपन्न वर्षांची राहशील. सुरकुती नाही, काही नाही. तुझाच फायदा."

मास्तर खुर्चीतून दोघींचं ऐकत होते. त्यांना वाटलं, बायको आता हसेल किंवा रडेल. तिने यातलं काहीच केलं नाही. पेन्सिल कानावरून काढून तिने कागद पुढे ओढला.

"ताई, विमानतळापासून तुझ्या घरापर्यंत सिग्नल किती लागतात?"